पिठाशी वैर

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तिने वजनकाट्यावर पाय ठेवला, आकडा दोनदा वाचला आणि नवऱ्याला हलवून उठवले.

"साडेचार किलो उतरले! पाच आठवड्यांत! आहे का या घरात कुणाची अशी जिद्द?"

"नाही," नवरा उशीत तोंड खुपसून म्हणाला, "आणि पावही नाही."

पाव, भात, बटाटा, साखर, सगळ्यांना तिने घरातून हद्दपार केले होते. तीन अंडी आणि चीजचा तुकडा खाऊन ती ग्रंथालयाच्या दुरुस्ती विभागात निघाली. जुन्या पुस्तकांची बांधणी करणारे काका महिनाअखेर निवृत्त होणार होते आणि त्यांचे टेबल तिलाच मिळणार, हे सगळ्यांनी गृहीत धरले होते.

पिठाशी मात्र तिथेही गाठ होती. पुस्तके चिकटवायला लागणारी मैद्याची खळ तीच शिजवत असे. आहाराच्या दुसऱ्या आठवड्यात त्या गरम वासाने तिचा तोल गेला आणि तिने चक्क चमचा चाटला! तेव्हापासून ती सोमवारीच आठवड्याची खळ करून आपल्या टेबलालगतच्या कपाटात ठेवी आणि लागेल तेव्हा श्वास रोखून वाटीभर काढी.

एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. पंधरवड्यापासून तिला आपल्या अंगाचा वास बदललेला वाटत होता, आणि तोही अशा जागचा की सख्ख्या बहिणीला विचारायचीही चोरी. तिने तिथे धुवायला सुगंधी द्रवाची बाटली आणली. दिवसातून एकदाचे दोनदा झाले, दोनदाचे चारदा. आता वासाच्या जोडीला आगही होऊ लागली होती.

त्या आठवड्यात उकाडा वाढला. गुरुवारी काकांनी चष्मा काढून नाक वर केले.

"काहीतरी आंबलंय."

"ताईंच्या टेबलापाशी जास्त येतोय," पाने शिवणारी मैत्रीण म्हणाली. "आणि गंमत बघा, ताई बाहेर गेल्या की कमी होतो!"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. उठावे तर वास पसरेल, बसावे तर साचेल! तेवढ्यात रखवालदार पिंजरा घेऊन हजर झाला.

"उंदीर मेला असणार. बाई, जरा उठा, खाली बघतो."

"मी उठणार नाही!"

"दोन मिनिटं फक्त."

"पान सुटेल! दोनशे वर्षांचं आहे!"

हातातले पुस्तक गेल्या वर्षीची दूरध्वनी यादी होती. काकांनी ते पाहिले आणि सभ्यपणे खिडकी उघडली.

त्या दुपारी तिने अर्ज लिहिला: प्रकृतीच्या कारणास्तव मला तळघरातील साठवणीत काम द्यावे. काकांच्या टेबलावरचा हक्क त्यात आपोआप जात होता. शेवटच्या ओळीपाशी तिने डोळे पुसले आणि अर्ज पर्समध्ये ठेवून शुक्रवारी सकाळी दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकले, तपासले, हात धुतले.

"संसर्ग दिसत नाही. पीठ-साखर एकदम तोडली की श्वासाचा, घामाचा, लघवीचा वास बदलू शकतो. योनीचाही बदलल्याचं काही जणी सांगतात, पण त्यावर पक्का अभ्यास फारसा नाही. आग होतेय ती बहुधा या बाटलीनं. योनी स्वतःला स्वच्छ ठेवते. बाहेरून साधं पाणी पुरे."

"पण अख्ख्या विभागाला वास येतोय हो!"

"मी हातभर अंतरावर बसलेय, मला नाही आला. टेबलापलीकडच्यांना कुठून येणार?" त्यांनी चिठ्ठी लिहिली. "बाटली बंद. खाणंही इतकं कडक नको, फळं, कडधान्यं, थोडा पाव चालू दे. खाज सुटली, स्राव बदलला किंवा माशासारखा वास आला तर मात्र लगेच यायचं, लाजायचं नाही. आणि तुमच्या त्या खोलीत काय सडलंय ते बघा!"

ती थेट विभागात आली. कपाटाशी वाकली आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच, श्वास न रोखता, दार उघडले.

सोमवारची खळ पातेल्यात बुडबुडे काढत होती. कपाट फक्त तीच उघडत असे. ती बाहेर गेली की वास कमी का होतो, तेही उलगडले.

"काका, सापडला."

"उंदीर?"

"खळ. माझीच."

मैत्रिणीने नाकाला पदर लावला. "अहो, पण खळ तर तुम्ही रोज ताजी करायच्या! आठवड्याची कशाला करून ठेवली?"

"डाएट होतं," ती म्हणाली.

काकांनी बराच वेळ विचार केला. "खळीचं?"

पातेले उचलून ती मोरीकडे गेली. जाताना पर्समधली सुगंधी बाटली रखवालदाराच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्याने ती पाहिली आणि उंदरासाठी आणलेला पिंजरा उचलला.

शनिवारी सकाळी ती वजनकाट्याला वळसा घालून लवकर निघाली. विभागात अजून कुणी नव्हते. तिने मूठभर मैदा कालवला, मंद आचेवर ढवळून एका दिवसापुरती खळ केली आणि एक फाटके आवरण चिकटवायला घेतले. खाली अंथरायला रद्दीचा कागद हवा होता. तिने पर्समधला अर्ज काढला, पालथा अंथरला आणि त्याच्या कडांपर्यंत ब्रश फिरवला.

चमचा मात्र चाटला नाही. डब्यात आज पाव होता.