काचेमागची ड्यूटी

शरीराची बॅटरी सकाळी फुल असते, जेवणानंतर उतरते, तेव्हा कामं त्या हिशेबानं लावावीत, असं मोबाईलवर वाचलं आणि गाद्यांच्या दुकानातल्या सेल्समनला ते एकदम पटलं. (दुपारी झोपा असं सांगणारं काहीही त्याला लगेच पटायचं.) जड गाद्या हलवणं, गिऱ्हाइकांशी घासाघीस, सगळं त्यानं सकाळीच उरकलं. मालक जेवायला घरी गेले, तसा तो मागच्या रांगेतल्या सर्वांत महागड्या गादीवर जरा आडवा झाला.

डोळे उघडले तेव्हा पायथ्याशी एक म्हातारं जोडपं उभं होतं आणि त्यांच्यामागे मालक. सेल्समननं डोळे पुन्हा घट्ट मिटले. नोकरी गेली. आता बायकोला कुठल्या तोंडानं सांगायचं?

"हीच द्या," आजी कुजबुजल्या. "मघापासून हाका मारतोय, पण हे हूं की चूं करत नाहीत. गादी असावी तर अशी."

जोडपं गेल्यावर मालक सावकाश म्हणाले, "उद्यापासून तुम्ही शोकेसमध्ये झोपायचं. रस्त्यावरून दिसलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी काचेपाशी पलंग लागला आणि सेल्समनची झोपच उडाली. डोळे मिटावेत तर काचेवर कुणीतरी टकटक करी. दारातूनच एक बाई नवऱ्याला म्हणाली, "इथे नको. ह्यांच्या गादीवर ह्यांच्याच माणसाला झोप लागत नाहीये." मालकांचा चेहरा पडला.

तेवढ्यात काचेपलीकडे बायको. सोबत तिचे वडील, जावयाचं दुकान बघायला म्हणून आलेले. भरदिवसा, चारचौघांत नवरा चादर पांघरून पडलेला बघून तिला धक्काच बसला. कशीबशी ती आत आली.

"अहो, काय चाललंय हे?"

"ड्यूटीवर आहे मी," तो उशीत तोंड खुपसून म्हणाला.

"उठा आधी. लोक बघतायत."

"लोकांनी बघावं म्हणूनच झोपलोय."

सासरे मात्र चालून दमले होते. "जावईबापू, सरका जरा," म्हणत ते कडेला टेकले, हळूच कलंडले आणि असे घोरू लागले की काच थरथरायला लागली. बाहेर ही गर्दी जमली. संध्याकाळपर्यंत गोदाम रिकामं झालं.

मालकांनी सासऱ्यांना तिथल्या तिथे कामावर ठेवलं. सेल्समनला त्यांच्या उशाशी उभं केलं, माश्या वारायला.

बायको त्या धक्क्यातून हळूहळू सावरली. परवा ती शेजारणीला सांगत होती, "दुकान आमचे बाबाच चालवतात हो. हे अजून त्यांच्या हाताखाली शिकतायत."