ब्रह्मास्त्राच्या जीर्णोद्धाराची मोहीम, मौजे खारमांडे

पालीचे बल्लाळेश्वरास स्मरून लिहिण्यास आरंभ केला ऐसा जे, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, आश्विनमासी, मांडवे बंदराचे अलीकडे खाडीकाठी मौजे खारमांडे येथे जी मोहीम जाहली, तिचे वृत्त लोक नाना प्रकारे सांगतात. कोणी म्हणतो नव्या हत्याराने फत्ते जाहली, कोणी म्हणतो दैवाने. त्यांत खरे किती आणि फुशारकी किती हे तोलून, जे डोळ्यांस दिसले आणि मोजता आले तेवढेच येथे लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही. घालण्याची गरजच पडली नाही.

राजश्री निकेत काळूराम म्हात्रे, वय वर्षे चोवीस, हुद्दा मांडवे धक्क्यावरील बोटीच्या तिकिटांची खिडकी, हे मोहिमेचे खासे सेनापती. यांचे पदरी गेम खेळण्याचा एक संगणक होता, सात वर्षांचा, काळ्या पत्र्याचा, पोटात लाल-निळे दिवे लागणारा. त्यास त्यांनी ब्रह्मास्त्र ऐसा किताब बहाल केला होता. ब्रह्मास्त्राचा गुण ऐसा, की पत्र लिहावे, सिनेमा पाहावा, तोवर गरीब गाईसारखे चाले. आणि रणांगण उघडून गनीम समोर आला, गोळीबार तुंबळ जाहला, म्हणजे नेमके ते समयी डोळे मिटून घेई. ऐसे अस्त्र पुराणांतही कोणापाशी नव्हते.

आश्विनातल्या एका रविवारी जिल्ह्याच्या ऑनलाइन सामन्यांत निकेतरावांकडे पूल राखण्याची कामगिरी होती. चौघांच्या फौजेची म्होरकी पाली मुक्कामीची मृणाली. गनीम पुलावर आला आणि मग ब्रह्मास्त्राने डोळे मिटले आणि मग पूल गेला. थोड्या वेळाने निकेतरावांच्या फोनात मृणालीचे फर्मान उतरले, ते असे: "निकेत, परत मधेच बंद पडलास ना? आम्ही तिघांनी कसंबसं जिंकलं. पुढच्या रविवारी सेमीफायनल आहे. आत्ताच सांग, मशीन टिकणार की नाही? नाहीतर माणगावचा जीवन तयार बसलाय. राग मानू नकोस, पण टीम म्हणजे काय धर्मशाळा नाही."

तीन वर्षांची जागा सात दिवसांत जाणार, आणि ती माणगावच्या जीवनाकडे जाणार, ज्याला पूल आणि पत्र्याची शेड यांतला फरक कळत नाही, हे वाचून निकेतराव बहुत कष्टी जाहले. मग मसलत केली. मसलतीस माणूस एकही नव्हता, सगळ्या चित्रफिती होत्या. दोन दिवसांत सत्त्याण्णव चित्रफिती पाहिल्या, आणि प्रत्येकीतल्या पंडिताने छातीस हात लावून एकच निदान केले, की संगणक म्हातारा जाहला, पडद्यावर चित्रे उमटविणारे ग्राफिक्स कार्ड बदलावे. एकाही पंडिताने ब्रह्मास्त्र पाहिले नव्हते. निकेतरावांनीही आतून पाहिले नव्हते. सत्त्याण्णव चित्रफिती पाहिल्या आणि झाकणाचे चार पेच फिरविले नाहीत, ही गोष्ट जाणत्यांनी ध्यानी ठेवावी.

खजिना पाहता अकरा हजार निघाले. नव्या कार्डाची किंमत त्याच्या तिप्पट. मग जुन्या बाजारातले, कोणाचे तरी वापरून टाकलेले कार्ड आणावे, ऐसा बेत ठरला. तीर्थरूप काळूरामबाबा, पूर्वी मिठागराचे धनी आणि हल्ली दोन ट्रकांचे मालक, ओटीवर बसून टायरचे ठिगळ तपासीत होते, ते हे ऐकून म्हणाले, "आरं, ट्रक धूर टाकाया लागला तर आदी बॉनेट उघडतान, का सरल नवीन इंजान आनाया जातान?"

"बाबा, ट्रक वेगळा आणि हे वेगळं," निकेतराव बोलले.

"व्हय. ट्रक पैसं आनतो."

या बोलण्याचा सेनापतींस विषाद वाटला, आणि शास्त्र न जाणणाऱ्या माणसापुढे तोंड वाजविण्यात अर्थ नाही असे समजून त्यांनी ते कानांआड केले. त्या दिवशी खारमांड्यात शास्त्र जाणणारा एकच इसम होता, आणि तो ओटीवर ठिगळ तपासीत होता.

बुधवारी सुट्टी काढून निकेतराव मांडव्यास आले, आणि ज्या खिडकीतून रोज दुसऱ्यांस तिकिटे देत तेथेच स्वतः तिकीट घेऊन गलबतारूढ जाहले, आणि समुद्र उल्लंघून मुंबईच्या बाजारी दाखल जाहले. तेथे जुन्या सामानाचा एक व्यापारी, जिग्नेशशेट नावाचा, तीन हात रुंद गाळ्यात तारांच्या जंजाळात बसला होता. त्याने कार्ड दाखविण्याआधी एकच सवाल केला: "कम्प्युटरचा डबा साथे लाव्या का, भाई? बघ्याशिवाय मी काय सांगू? लांबी तरी मापून आणली?"

निकेतरावांनी उत्तर दिले की दुखणे आम्हांस ठाऊक आहे, तुम्ही औषध द्या.

"तमे डॉक्टर, मी केमिस्ट," शेट बोलला, "पण परत नाय घेणार हां." आणि कार्ड रुपेरी पिशवीत घालून हवाली केले. खजिना साफ जाहला. परतीच्या बोटीत निकेतरावांनी ती पिशवी मांडीवर ऐसी धरिली होती, की शेजारच्या बाईने बाळ किती महिन्यांचे म्हणून वाकून पाहिले.

शनिवार उजाडला. मोठ्या समारंभाने पेच काढिले. सात वर्षांत प्रथमच झाकण उघडले, आणि सेनापती पाहतात तो काय, आत मिठागर!

जुन्या कार्डाच्या पाठीवर एक पिवळ्या फडक्याची पुरचुंडी पालथी पडलेली, आणि तिच्यातून पाझरून पांढऱ्या खारटणाचे ओघळ खाली उतरलेले, आणि कार्डास वीज पुरविणारे तांब्याचे जोड हिरवे पडलेले. निकेतरावांनी अशी हाक मारिली की दोन घरे पलीकडचे कुत्रे उठले.

मातोश्री येसूबाई हात पुसत आल्या, आणि पुरचुंडी पाहून त्यांचा चेहरा उजळला. "आगो बाय! ऱ्हायलं हाय की आजून!"

मग उलगडा जाहला तो असा. या घरी चाल आहे, की नवी वस्तू दारी आली म्हणजे स्वतःच्या मिठागराच्या मिठाची पुरचुंडी तिच्या पोटी बांधावी. पंपास बांधली, फ्रीजमागे बांधली, दोन्ही ट्रकांत बांधली. संगणक आला त्या दिवशी कारागीर झाकण उघडे टाकून चहास बसला असता येसूबाईंनी पुरचुंडी आतल्या पट्टीस टांगिली, आणि कारागिराने न पाहता झाकण लाविले. यंदाच्या पावसात दोरा कुजून ती कार्डावर पडली. समुद्राच्या कच्च्या मिठात मॅग्नेशियमचा अंश असतो, तो हवेतली ओल ओढून घेतो. मीठ पाझरले आणि जोड खारावले. हलक्या कामास पुरेल इतकी वीज कशीबशी जाई. लढाईत मागणी वाढली की जोड दगा देई. म्हणजे ब्रह्मास्त्र म्हातारे नव्हतेच. लोणच्यासारखे मुरले होते.

"आई, मशीनमध्ये मीठ कोण घालतं?"

"नवीन वस्तू, तिला मीठ नको?" येसूबाई म्हणाल्या. "बांध फुटला त्या वर्साची शेवटची रास हाय ती. त्या मिठावर तुजी फी भरली."

बांध फुटून मिठागर गेले ते साल सेनापतींसही आठवत होते. पुरचुंडी फेकण्यास उचललेला हात खाली आला, आणि ती देवघरात, झाकणाच्या डब्यात ठेविली गेली. या मोहिमेत निकेतरावांनी विचार करून केलेले हे पहिले काम.

दुसरे काम लगेच बिघडले. त्यांनी स्पिरिट आणून जोड घासले. मीठ स्पिरिटात विरघळत नाही, हे शाळेत नववीस शिकवितात. पांढरे तसेच राहिले. मग काळूरामबाबांनी ट्रकातून बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्याची बाटली आणि जुना दातब्रश आणिला, आणि बॅटरीचे टोक साफ करतात त्या हाताने एकेक जोड धुतला, आणि हिरवे होते तेथे लाल तांबे दिसेतो घासला. मग सगळा सरंजाम गच्चीवर उन्हात, सुकत घातलेल्या बोंबलांच्या शेजारी मांडिला, आणि येसूबाई काठी घेऊन कावळ्यांवर चौकीस बसल्या. दुपारभर पहारा दिला. कावळे बोंबलांवर आले, ब्रह्मास्त्राकडे एकाही कावळ्याने पाहिले नाही. त्यास खाण्याची वस्तू ओळखता येते.

सायंकाळी नवे कार्ड बसविण्यास घेतले, तो ते डब्याहून दोन बोटे लांब. तिरपे केले, उलटे केले, शिव्या दिल्या. लांबी कमी जाहली नाही. अखेर जुनेच कार्ड जुन्याच जागी बसविले, आणि कळ दाबिली, आणि दिवे लागले.

रविवारी लढाई जुंपली. तीन तास गनीम आला, गेला, पुन्हा आला. ब्रह्मास्त्राने पापणी लवविली नाही. पूल राहिला. मृणालीने कानी विचारिले, "मस्त रे! कुठलं कार्ड टाकलंस?" निकेतरावांनी छाती फुगवून त्या लांब कार्डाचे नाव संख्येसुद्धा सांगितले. तेव्हा दारात उभे काळूरामबाबा मोठ्याने बोलले, आणि माइक उघडा असल्यामुळे पाली, मुरूड आणि पेण येथील तिन्ही शिलेदारांनी ऐकिले: "खोटं कनाला बोलतंस? बॅटरीचं पानी आनि दात घासाचा बुरुस, ह्ये सांग तिला!"

मग मृणाली म्हणाली, "काका, पुढच्या आठवड्यात माझंही धुवून द्याल का?"

येणेप्रमाणे जागा राहिली, जीवन माणगावीच राहिला, आणि मोहीम फत्ते जाहली. खर्च अकरा हजार. त्यांतील उपयोगी पडला तो शून्य; बाटली ट्रकातली होती. नवे कार्ड विकून टाकावे म्हणून बुधवारी निकेतरावांनी कपाटातली रुपेरी पिशवी काढिली, ती हातास जड लागली. उघडून पाहिली. आत कार्ड होते, आणि कार्डाच्या पोटाशी, नव्या पिवळ्या फडक्यात नीट गाठ मारलेली, ती मिठाची पुरचुंडी बांधली होती. नवीन वस्तू घरात आली होती. चाल मोडली नाही.

लेखनसीमा.