माझ्या फाटकाला टेकलेली गाडी

नागपंचमीस सोपानरावांनी आपली गाडी माझ्या लोखंडी फाटकाला टेकवून उभी केली. गणपती बसले त्या सकाळी त्यांनी फाटकाच्या खांबाच्या बुडाशी तांब्याभर मिठाचे पाणी ओतले, आणि पुढे तो त्यांचा नित्यनेम झाला. दसऱ्यापर्यंत खांबास गंज चढला. यास जबाबदार: प्रथम सोपानराव, द्वितीय ग्रामसेवक, ज्यांनी माझ्या एकाही अर्जास उत्तर दिले नाही, आणि तृतीय, अवसरी बुद्रुकचे ते समस्त ग्रामस्थ, जे हा प्रकार उभे राहून पाहत व हसत.

सोपानराव माझे शेजारी. उभी हयात त्यांनी टेम्पोतून तरकारी मुंबईच्या बाजारात पोचवली. वय झाल्यावर टेम्पो न विकता त्यातच घर केले: शेगडी, पाण्याची टाकी, झोपायच्या दोन फळ्या, आणि दिव्या-पंख्यासाठी वेगळी बॅटरी. "एवढ्या खेपा मारल्या मुंबैला, पण समुद्र काय पाह्यला नाय राव. आता तेवढ्यासाठी जायचं," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्यास सांगत.

अडचण एकच. गाडीतले दिवे फक्त माझ्या फाटकापाशी लागत.

"अर्थिंग! अर्थिंग नाय तर काय नाय," हे त्यांचे ब्रीद. बोअरच्या मोटारीसाठी जमिनीत पट्टी पुरून मीठ-पाणी घालतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलेले. त्याच न्यायाने त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर चिमट्याने माझ्या फाटकास जोडली, कारण, "तुमचा खांब लई खोल हाय, वकीलसायेब." मी वकील नाही. न्यायालयातून लिपिक म्हणून निवृत्त झालो. हे मी त्यांना लेखी कळवले आहे.

दिवाळीच्या तोंडावर मी समक्ष नोटीस बजावली. सोपानरावांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि गाडी वीतभर पुढे घेतली. दिवे गेले.

"बघा! तुमची नोटीस बॅटरीलाच लागली!"

मी संतापून परतणार होतो, परंतु पाय निघेना. चिमटा जागेवर, मीठ-पाणी ओतलेले, खांब तितकाच खोल. मग बदलले काय? कोर्टात आयुष्य घालवलेल्या माणसाला असा प्रश्न अनुत्तरित टाकून जाता येत नाही. बदलले होते एवढेच, की मागचा बंपर आता फाटकाला टेकत नव्हता. मी पहार आणून फाटक आणि बंपर यांच्यामध्ये आडवी धरली. दिवे लागले. काढली, गेले.

"सोपानराव, ऐका. वीज ज्या बॅटरीतून निघते तिथेच तिला परत जायचे असते. दिव्यातून ती गाडीच्या सांगाड्यात उतरते, बंपरमधून माझ्या फाटकात येते आणि चिमट्यावाटे बॅटरीत जाते. जमीन या दाव्यात पक्षकारच नाही."

"मग मीठ वो?"

"मीठ बेकायदेशीर."

आम्ही सांगाड्यावरचा रंग खरडला आणि उघड्या लोखंडावर बॅटरीची जाड वायर बोल्टने आवळली. गाडी पार पेठच्या चढापर्यंत नेऊन आणली. दिवा फडफडलादेखील नाही. सोपानरावांनी नाचायला हवे होते. ते दिव्याकडे बघत राहिले. "म्हंजी आता जाता येतंय की," एवढेच म्हणाले, आणि गाडी पुन्हा माझ्याच फाटकाला आणून लावली.

गाडी तेथे लावायला आता त्यांना कसलेही निमित्त उरले नव्हते. मी अंतिम नोटीस घेऊन प्रथमच गाडीत चढलो.

दोन फळ्यांपैकी आखूड फळी त्यांच्या पत्नीच्या, पारूबाईंच्या मापाची. गाडी पुरी होण्याआधीच त्या गेल्या. त्या जुन्या फळीच्या पायथ्याशी आता नव्या लाकडाचा हातभर तुकडा जोडलेला होता. उशाशी एक दिवा. शेजारी, फुलस्केप कागद मावेल एवढी लिहायची घडीची पाटी.

"ही फळी लांब का केली?"

"लाकूड उरलं व्हतं," सोपानराव शेगडी पुसत म्हणाले. ती स्वच्छच होती.

गावात एवढ्या लांबीचा इसम एकच आहे, आणि फुलस्केपवर अर्ज लिहिणाराही तोच. त्याची संमती न घेता त्याचे माप कोणी व कोणत्या अधिकाराने घेतले, याचा खुलासा सोपानरावांनी येत्या ग्रामसभेत सर्वांसमक्ष करावा. निघण्याचा दिवसही तेथेच जाहीर करावा. त्याआधी मला फाटकास बाहेरून कुलूप घालावे लागेल.