विराम-समितीचा सातवा क्रमांक

सर्व संबंधितांस कळवण्यात येते, की २००८ सालच्या जानेवारीत हंबीररावांच्या एकुलत्या एक मुलीने, हरिणीने, वकील व्हायचं ठरवलं. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. तंजावरच्या या मराठी घराण्यात व्यंकोजीकाका होतेच. ते मद्रास हायकोर्टात वकील होते आणि त्यांचं बरंचसं आयुष्य पुढची तारीख मागण्यात छान गेलं होतं.

हंबीरराव चेन्नईत, अंबत्तूरच्या नटबोल्टच्या कारखान्यात खरेदी अधिकारी. तीन कोटेशनं आल्याशिवाय त्यांच्या घरात भेंडीसुद्धा येत नसे. प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी त्यांनी रीतसर तीन कोटेशनं मागवली आणि नुंगंबाक्कमच्या एका कंपनीचा सराव चाचण्यांचा सीडी-संच घेतला. संगणकावर चाचणी द्यायची, संपली की गुण लगेच, आणि गुणांखाली अखिल भारतीय क्रमांक. हा क्रमांक सीडीतल्या सीडीत कंपनी कुठून आणत असेल, असा प्रश्न खरेदी खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला पडायला हरकत नव्हती. पण माल आवडला की तपासणी ढिली पडते.

वरच्या मजल्यावर पुण्याचा महेश भाड्याने राहत होता, सॉफ्टवेअरवाला. त्याने संच बसवून दिला. हरिणीने पहिली चाचणी एका बैठकीत, एकटीने दिली. दोनशेपैकी एकशे एकवीस. क्रमांक चार हजार दोनशे.

"अप्पा, पहिल्याच खेपेला एकशे एकवीस!" हरिणी खुर्चीतून उडालीच.

"चार हजार माणसांच्या मागे उभं राहायला वकील कशाला व्हायचं?" हंबीरराव म्हणाले. "रेशनची रांग अहे की."

हरिणीचा चेहरा उतरला. पण क्रमांक बघताना चेहऱ्याकडे कोण बघतं?

दुसरी चाचणी रविवारी दुपारी सुरू झाली. साडेचारच्या ठोक्याला हंबीररावांच्या आई, राजसबाई, देवघरातून तरातरा आल्या आणि लाडक्या नातीवर ओरडल्या. "अय्यो! राहुकाळ लागला! बंद कर ते, कण्णा, बंद कर!"

"अज्जी, घड्याळ चालू आहे, वेळ जाईल माझा!"

महेश तिथेच कॉफी पीत बसला होता. तो सहज म्हणाला, "आजी, हे बटण दाबा. वेळ थांबतो."

बटण दाबलं. पडद्यावरचं घड्याळ खरंच थांबलं. हंबीरराव पाहतच राहिले. कारखान्यात वेळ थांबलेला त्यांनी रोज पाहिला होता, पण तो थांबवायला बटण लागतं हे नवीनच होतं.

राहुकाळ दीड तासाचा. दीड तास समोरचा प्रश्न पडद्यावर तसाच उभा. हंबीररावांना राहवेना. त्यांनी व्यंकोजीकाकांना फोन लावला. काकांनी आधी सवयीने मुदत मागितली, मग उत्तर सांगितलं. सहा वाजता हरिणीने ते भरलं. मग त्याच्या पुढचंही विचारून भरलं. क्रमांक एकदम तीन हजारांवर आला.

आता यावरून काय निष्कर्ष निघतो? घरात एकमताने निघाला तो असा, की राहुकाळ पाळला म्हणून क्रमांक सुधारला. राजसबाईंनी तर तो चाचणीआधीच काढून ठेवला होता.

पण राहुकाळ दिवसातून एकदाच. मग पंचांगातला यमगंडमही पाळायला सुरुवात झाली. मग गुळिकै. अशुभ काळ जितका वाढे, तितका क्रमांक शुभ होई. पुढे पंचांग पुरेना, तेव्हा हंबीररावांनी विराम-समिती नेमली. अध्यक्ष स्वतः, कायदेविषयक सल्लागार व्यंकोजीकाका, मुहूर्त-सदस्य राजसबाई. प्रश्न अवघड असल्याचं अध्यक्षांना वाटल्यास विराम घोषित व्हावा, कॉफी मागवावी, उत्तर ठरावाने संमत व्हावं आणि हरिणीने अंमलबजावणी करावी, अशी कार्यपद्धती ठरली. एकदा हरिणीचं स्वतःचं उत्तर बरोबर होतं. समितीने ते दोन विरुद्ध एक मतांनी फेटाळलं. तिच्या बाजूचं मत राजसबाईंचं होतं, पण त्यांनी प्रश्न वाचला नव्हता.

"अप्पा, एकदा मला एकटीला सोडवू द्या ना," ती म्हणाली.

"सोडव की, कण्णा. क्रमांक खाली गेला तर कोण उत्तर देणार?"

अवघड प्रश्नांचा विचार करणं हरिणीने हळूहळू सोडून दिलं. प्रश्न जड वाटला की तिचा हात आपोआप बटणाकडे जाई आणि डोळे दाराकडे.

महेशने एकदा धीर करून सांगितलं, "काका, खऱ्या परीक्षेत हे बटण नसतं. तिथे कागद आणि पेन्सिल."

"तर मग कंपनीने दिलं कशाला?" हंबीररावांनी विचारलं. "तुम्ही कंपनीपेक्षा शहाणे?" महेश स्वतः कंपनीत नोकरीला होता. तो कॉफी संपवून वर गेला.

एप्रिलअखेर क्रमांक सातवा आला. अखिल भारतात सातवा! घरात सक्करै पोंगल, म्हणजे गुळाचा गोड भात झाला, अंबत्तूरच्या कारखान्यात पेढे वाटले गेले, तंजावरला फोन गेले. नंतर कितीही विराम घेतले तरी सातव्याच्या वर काही केल्या जाईना. पण सातव्यात काय वाईट होतं?

परीक्षा मे महिन्यातल्या रविवारी, तीन ते पाच. राजसबाईंनी कपाळाला हात लावला. "साडेचारला राहुकाळ अहे!"

"सुरुवात तीनला अहे ना? सुरुवात महत्त्वाची," हंबीररावांनी निर्णय दिला.

मुलांना आत सोडून सगळे बाप परीक्षा केंद्राच्या फाटकाशी, कडुनिंबाच्या तुटपुंज्या सावलीत उभे राहिले. बोलता बोलता हंबीररावांनी शेजारच्या गृहस्थांना सहज ऐकवलं, "आमच्या मुलीचा सराव परीक्षेत सातवा क्रमांक. अखिल भारतात."

गृहस्थ चमकले. "आमच्या मुलाचाही सातवाच."

पलीकडच्या स्कूटरवरचा बाप वळला. त्याच्याही घरी सातवा होता. कडुनिंबाखाली चौकशी झाली तेव्हा असं निष्पन्न झालं, की त्या सावलीत सातव्याखेरीज कोणीच नव्हतं. पहिला क्रमांक दिला तर गिऱ्हाइकाला संशय येतो आणि पन्नासावा दिला तर राग, हे कंपनीला बरोबर ठाऊक होतं. बापांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग उन्हाबद्दल बोलायला सुरुवात केली. हंबीरराव मात्र फाटकाकडे वळून घड्याळ पाहू लागले.

पाचला हरिणी बाहेर आली. डोळे कोरडे होते, ते जास्त वाईट.

"साडेचार वाजले, अप्पा, आणि हात थांबला. अवघड प्रश्न होता. मी बटण शोधलं. मग दाराकडे पाहत बसले. किती वेळ कोण जाणे. शेवटी मी हात वर केला."

"मग?"

"सर आले. म्हणाले, पाणी हवंय का?"

हंबीररावांनी आयुष्यात पुष्कळ माल परत केला होता. पण हा कुणाला आणि कसा परत करायचा ते त्यांना कळेना.

निकालात हरिणीचं नाव नव्हतं. प्रवेशाची यादी एकशे बारा गुणांवर बंद झाली होती. हरिणीने संगणक लावला, पहिल्या दिवसाची चाचणी काढली आणि पडद्यावर बोट ठेवलं. एकशे एकवीस.

"हे माझे होते, अप्पा," ती म्हणाली. "बाकीचे सगळे तुमचे."

हंबीरराव त्या आकड्याकडे पाहत राहिले. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. विराम-समिती त्याच दिवशी बरखास्त झाली. हरिणीने पुढच्या वर्षी परत बसायचं ठरवलं, कागद आणि पेन्सिल घेऊन गच्चीवर, आणि गच्चीच्या दाराला आतून कडी.

सांत्वनाला पुष्कळ मंडळी आली. हंबीररावांनी प्रत्येकाला सगळी हकीकत खरी खरी सांगितली: बटण, समिती, सातवा क्रमांक, काहीही न गाळता. निदान दुसऱ्यांची मुलं तरी वाचावीत, एवढाच हेतू. मंडळींनी हळहळ व्यक्त केली, कंपनीला शिव्या दिल्या, हल्लीच्या आईबापांना तर फारच. मग निघताना, चपला घालता घालता, एकेकाने हंबीररावांना बाजूला घेतलं.

"तो सीडीचा संच आता तुम्हांला लागत नसेल ना? नाही, आमचा सिद्धार्थ यंदा बारावीत आहे. आणि ते थांबायचं बटण… सगळ्या चाचण्यांना आहे ना?"

संच त्याच संध्याकाळी गेला. नंतर तो या घरातून त्या घरात फिरत राहिला आणि आता कुणाकडे आहे ते हंबीररावांनाही ठाऊक नाही. आपण हसून झाल्यावर घरातल्या कपाटात एकदा बघून घ्यावं.