लहानूनाना, पाचट वजा करून

लहानूनाना तुम्हाला पहिल्यांदा भेटले तर नाव विचारणार नाहीत, गाव विचारणार नाहीत. डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघतील आणि तुमचं वजन सांगतील. चारचौघांत, मोठ्यानं. मी लग्न होऊन शेवगावला आले तेव्हा माप ओलांडून घरात पाऊल टाकते ना टाकते तोच शेजारच्या ओट्यावरून आवाज आला, "बावन्न आठशे. शालू धरून." सासरे म्हणाले, ते आपले नाना आहेत, मनावर घेऊ नकोस. आज माझं वजन किती आहे ते मी इथं लिहिणार नाही. ज्यांना हवं असेल त्यांनी नानांना विचारावं, अख्ख्या गल्लीला माहीत आहे.

नानांनी साखर कारखान्यात चौतीस वर्षं वजनकाट्यावर काढली. उसाची गाडी आली की आधी भरलेली तोलायची, ऊस उतरवून परत निघाली की रिकामी तोलायची, वजाबाकी केली की उरला तो माल. काटा आकडा दाखवायच्या आत नाना तो बोलून मोकळे व्हायचे आणि फार फार तर दहा-वीस किलोंचा फरक पडायचा, असं ते स्वतःच सांगतात. निवृत्तीनंतर काटा कारखान्यात राहिला आणि सवय घरी आली. लग्नात माणूस पंगतीला बसताना नाना त्याच्याकडे एकदा बघतात, हात धुवायला उठला की परत बघतात. "आबा, नऊशे ग्रॅम," म्हणतात, "संध्याकाळचं राहू द्या." स्वतः लहानू हे नाव लावून ब्याण्णव किलो भरतात, त्याबद्दल त्यांना काही वाटत नाही.

बोलण्यालाही तोच नियम. उसाबरोबर वाळका पाला येतो त्याला पाचट म्हणतात, त्याचं वजन धरायचं नसतं. कुणी घोळ घालत बोलायला लागला की नाना म्हणतात, "पाचट काढून बोल." एकदा कोपऱ्यावरच्या सभेत पाहुण्यांचं भाषण रंगात आलं होतं, तेव्हा नाना पहिल्या रांगेतून म्हणाले, "निव्वळ माल किती, तेवढाच सांगा." सभा दहा मिनिटांत आटोपली. गल्लीतल्या बायकांनी त्यांना तेवढ्यापुरतं माफ केलं.

पोरांचं मात्र नानांशी सख्य. रस्त्यात पोर दिसलं की काखेत हात घालून वर उचलायचं, हवेत दोनदा हलवायचं आणि आकडा सांगून खाली ठेवायचं. माझा चिनू चार वर्षांचा आणि राधा सात वर्षांची. दोघंही शाळेतून आल्यावर आधी शेजारी जाऊन वजन करून येतात आणि मग दप्तर टाकतात. पोरांची वजनं अशी मोठ्यानं सांगू नयेत, दृष्ट लागते, असं माझ्या सासूबाईंनी नानांना सुनावलं होतं. नाना म्हणाले, "लागली तर शे-दोनशे ग्रॅम उतरंल की. मला लगेच कळंल."

एवढ्या पोरांमधलं एकच पोर त्यांनी उचललं नव्हतं, ते म्हणजे त्यांची सख्खी नात.

त्यांचा मुलगा अमोल माझ्या नवऱ्याचा वर्गमित्र. तो थायलंडमधल्या चियांग माई नावाच्या गावी भाजीपाल्याच्या बियाणांच्या कंपनीत आहे. सात वर्षांपूर्वी त्यानं तिथल्याच प्लोय नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि ते झाल्यावर फोन करून कळवलं. नाना म्हणाले, "मग तिकडंच ऱ्हा." आणि तो राहिला. "जल्मात एवढी एकच गोष्ट ऐकली त्यानं माझी," असं नाना लोकांना हसून सांगत. तीन वर्षांपूर्वी काकू, म्हणजे अमोलची आई, गेल्या तेव्हा अमोल एकटा येऊन गेला. बापलेक तेरा दिवस एका खोलीत बसले आणि एकमेकांशी जे काही बोलले ते माझ्या नवऱ्यामार्फत बोलले.

त्यानंतर दर रविवारी संध्याकाळी अमोलचा व्हिडिओ कॉल माझ्या मोबाईलवर येऊ लागला. नाना त्या वेळेला आमच्याकडे चहाला असायचे. योगायोगानंच, दर रविवारी. मोबाईलसमोर बसायचे नाहीत, कडेला बसून मान तिरकी करायचे. "त्याला इचार, पोरगी जेवती का." मी विचारायची. "त्याला म्हणावं, तिला उभी कर. शेजारी काहीतरी ठिव, पातेलं, बादली." अमोल बिचारा लेकीला, मीनाला, बादलीशेजारी उभी करायचा. नाना डोळे बारीक करून बघत बसायचे आणि शेवटी म्हणायचे, "ह्यात वजन कळत न्हाई. सगळं पाचट." मग थंड झालेला चहा पिऊन निघून जायचे.

गेल्या वर्षी अमोल मला म्हणाला, "वहिनी, पोरांना घेऊन या तुम्ही. निवांत गाव आहे, लहान पोरांना बरं. आणि नानांना आणा. मी बोलावलंय म्हणून सांगू नका." मी नानांकडे गेले आणि म्हटलं, आम्ही चौघं थायलंडला निघालोय, दोन पोरं आवरायला घरचं कुणीतरी पाहिजे. कुठल्या गावी, ते नानांनी विचारलं नाही. "पोरांसाठी येतो," म्हणाले. त्यांचा पासपोर्ट आधीच काढलेला होता. कधी आणि कशासाठी, ते मीही विचारलं नाही.

विमानतळावर त्यांनी आमची बॅग उचलून पाहिली आणि म्हणाले, "चौदा नऊशे." काउंटरच्या काट्यावर पंधरा तीनशे आलं. आमच्या मागं पन्नास माणसं उभी, चिनूला लघवीला लागलेली, आणि नाना त्या मुलीला समजावत होते, "ताई, तुमचा काटा तपासून घ्या." मी म्हटलं, नाना, पंचवीसपर्यंत चालतं. नाना म्हणाले, "प्रश्न चालण्याचा न्हाई." शेवटी तिनं कंटाळून बॅग शेजारच्या काट्यावर ठेवली. चौदा नऊशे. नानांनी तिला हात जोडले आणि विमानात बँकॉक येईपर्यंत ते कुणाशी बोलले नाहीत, नुसते समाधानात बसून होते.

चियांग माई खरंच निवांत निघालं. चौकोनी जुनं शहर, भोवती पाण्याचा खंदक, खंदकाच्या कडेला झाडं. दुकानं सावकाश उघडतात, हॉर्न कुणी वाजवत नाही. नानांनी पहिल्या दिवशी रस्त्यावर उभं राहून कान देऊन पाहिलं आणि विचारलं, "ह्यांच्या गाड्यांना हॉर्न बसवलेलेच न्हाईत का?" लाल रंगाच्या टेम्पोत मागं दोन बाकडी टाकलेली असतात, त्यात बसून हिंडायचं. नाना प्रत्येक टेम्पोत चढण्याआधी चाकांकडे बघून माल किती भरलाय ते सांगत. बाजारात आंबेवालीनं दोन किलो आंबे मोजून दिले, नानांनी पिशवी हातात तोलली आणि तिला वाकून नमस्कार केला. तिनंही केला, म्हणून यांनी परत केला. ते दोघं थांबेनात, शेवटी मी मध्ये जाऊन उभी राहिले.

हत्ती बघायला नेलं तेव्हा राधानं विचारलं, "नाना, हिचं किती?" नानांनी हत्तिणीला पूर्ण फेरी घातली. "अठ्ठावीसशे. पण ही भरलेली हाय. रिकामी किती ते थोडं थांबून सांगतो." मग माझी दोन्ही पोरं हत्तीण शेण कधी टाकते याची वाट बघत चाळीस मिनिटं बसून राहिली. लोक एवढा प्रवास करून जंगल बघायला येतात. आम्ही हे बघून आलो.

हे सगळं ठीक होतं. अमोलच्या घरचं मात्र मला बघवेना. पहिल्या दिवशी दारात मीना आईच्या पायामागं उभी होती. डोळे अमोलचे, हनुवटी काकूंची. माझी पोरं नाचायला लागली, नाना हिला उचला, हिला उचला. नानांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले. "कशी हाय?" एवढंच म्हणाले, तेसुद्धा माझ्याकडे बघून. रस्त्यावरचं कुणाचंही पोर न विचारता उचलणारा हा माणूस. चार दिवस आम्ही त्यांच्याकडे जेवलो आणि चार दिवस मी टपाल वाटलं. "त्याला सांग, भात चिकट हाय पण चांगलाय." "वहिनी, नानांना विचारा, तिखट कमी आहे का?" दोघं एका टेबलाला, आणि मी मध्ये. रोज सकाळी मला वाटायचं, आज उचलतील. आणि परतीचा दिवस जवळ येत चालला होता.

मी एकदा चिडून म्हटलं, "नाना, कशाला आलात मग?" ते म्हणाले, "कुनाच्या रानातला ऊस न इचारता उचलू का मी?" मी म्हटलं, तुमचंच रान आहे. "मीच सोडलं की ते," म्हणाले आणि चिनूचं नाक पुसायला लागले.

शेवटच्या दिवशी टेकडीवरच्या देवळात गेलो. तीनशेच्या वर पायऱ्या, दोन्ही बाजूंना लांबच लांब नाग. अमोल आणि माझा नवरा पुढं गेले होते, प्लोय माझ्या राधाचा फोटो काढत होती. अर्ध्यावर मीना दमली आणि खाली बसली. सगळ्यात जवळ नाना होते. तिनं बसल्या बसल्या दोन्ही हात वर केले, दमलेलं पोर कुणापुढंही करतं तसे. नानांनी मागं वळून पाहिलं, मागं कुणी नव्हतं. मग वाकून तिला उचललं. हलवलं नाही. खांद्यावर घेतलं आणि चढायला लागले.

वर पोचेपर्यंत ती झोपून गेली. पोरगी खांद्यावरच ठेवून नानांनी पायांनीच चपला काढल्या आणि सोनेरी स्तूपाभोवती फेऱ्या सुरू केल्या. चिनूनं विचारलं, "नाना, किती?" "झोपलीय, गप ऱ्हा," ते म्हणाले. चौथ्या फेरीला ते लंगडायला लागले, गुडघा दुखरा आहे त्यांचा. अमोल जवळ येऊन मला म्हणाला, "वहिनी, नानांना म्हणावं, द्या इकडे. दमतील."

नाना थांबले. "त्याला सांग, ही तान्ही हुती तवाच उचलायला पायजे हुती. माझ्या हेक्यापायी न्हाई उचलली. आता एकदमच पाच वर्षांची उचलतोय. वेळ लागंल." अमोल हातभर अंतरावर उभा होता. मी काही सांगितलं नाही.

उतरायची वेळ झाली. नाना चपलांपाशी येऊन उभे राहिले. चपला घालायच्या तर वाकायला हवं, वाकायचं तर पोरगी कुणाकडे तरी द्यायला हवी. प्लोयनं हात पुढं केले, नानांनी हसून मान हलवली. मी पुढं होणार, तेवढ्यात अमोल खाली बसला. एक गुडघा टेकवून त्यानं नानांचा डावा पाय उचलला, तळव्याची धूळ हातानं झाडली आणि पाय चपलेत सरकवला.

नाना वरून त्याच्या डोक्याकडे बघत होते. निरोप माझ्याकडे येणार म्हणून मी सवयीनं वाट बघत उभी राहिले.

"अमोल," नाना म्हणाले, "केस गेले की रं तुझे."

"व्हय, नाना," तो म्हणाला. त्यानं मान वर केली नाही. दुसरी चप्पल घालायला त्याला बराच वेळ लागला.