दुकान वाढवण्याचा आराखडा

पहिल्याच चाचणीत बद्रीनाथांना पंचवीसपैकी शून्य गुण मिळाले. आयुष्यात ते पुष्कळ ठिकाणी कमी पडले होते, पण लाल शाईत गोल काढून शून्य कुणी हातात दिलं नव्हतं. त्यात वय अठ्ठावन्न. वर्गातली बाकीची पोरं वीस-बावीसची, आणि त्यांतल्या सगळ्यांत ढ पोरालाही सात गुण होते.

गारखेड्यातल्या त्या कम्युनिटी कॉलेजात 'व्यवसाय व किरकोळ विक्री व्यवस्थापन' असा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम होता. वर्ग सकाळी आठ ते दहा. दहाला सुटले की बद्रीनाथ सिटी बसनं गुलमंडीच्या बाजारपेठेत यायचे आणि साडेदहाला आप्पासाहेबांच्या कापड दुकानाचं शटर वर करायचे. चौतीस वर्षं ते हेच करत आले होते. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांनी आप्पासाहेबांच्या वडिलांनी टाकलेलं हे दुकान. एके काळी लग्नसराईत तिथं पाय ठेवायला जागा नसे. आता दिवसभरात चार माणसं आली, तरी त्यांतली दोन पत्ता विचारायला आलेली असत.

गुढीपाडव्याला आप्पासाहेब म्हणाले होते, "बद्री, दिवाळीपोत्तर बघू. गिऱ्हाईक आलं तर ठीक. नाय तर..." आणि वाक्य तिथंच सोडून ते पानाला चुना लावत बसले.

त्या अर्ध्या वाक्यानं बद्रीनाथांची झोप उडाली. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी सिल्लोडला दिलेली. दिवसभर बसावं अशी दुसरी जागा त्यांना नव्हती. दिवाळीनंतरही साडेदहाला शटर वर जावं, एवढीच त्यांची मागणी होती. ती कुणाकडे करावी ते कळेना, म्हणून त्यांनी कॉलेजात नाव घातलं.

चाचणीत एकच प्रश्न आला होता : 'तुमचे दुकान कसे वाढवाल? सविस्तर लिहा.' बद्रीनाथांना वाटलं, देव पावला. त्यांनी चार पानं लिहिली. आधी तागे गुंडाळून घ्यावेत, काठ आतल्या बाजूला ठेवावा. गादीवरची पांढरी चादर दोघांनी धरून झटकावी. कात्री मिटून ठेवावी, उघडी राहिली तर घरात भांडण होतं. मग दिवाबत्ती. शटर धाडकन सोडू नये, हातानं धरून हळू खाली आणावं, कारण आत लक्ष्मी असते.

"काका, हे काय लिहिलंत तुम्ही?" सगीरा मॅडमनी विचारलं. मॅडमची शाळा उर्दूत झालेली, कॉलेज इंग्रजीत. मराठी त्या नोकरीत आल्यावर पुस्तकावरून शिकल्या होत्या आणि फार जपून, काचेच्या भांड्यासारखी वापरायच्या.

"दुकान वाढवायचं लिवलंय, मॅडम."

"पण हे तर दुकान बंद करणं आहे!"

बद्रीनाथांनी पटकन कानाला हात लावला. "तसं म्हणू नाय, मॅडम. दुकान बंद झालं म्हणत नसतेत. सांजच्याला आपण दुकान वाढवतो. बांगडी फुटली तरी वाढली म्हणतेत, तसंच हे."

मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, काकांनी चौतीस वर्षं रोज दुकान वाढवलं, तरी ते तेवढंच राह्यलं!"

वर्ग हसला. मॅडमनाही हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "काका, इथं वाढवणं म्हणजे मोठं करणं. ग्रोथ. बस, दुसरं काही नाही. लक्षात राहील?"

"व्हय, मॅडम."

पुढं प्रकल्प आला. पाच-पाच जणांनी एक खरं दुकान घ्यायचं आणि ते वाढवण्याचा आराखडा करायचा. बद्रीनाथांच्या गटानं अर्थातच आप्पासाहेबांचं दुकान घेतलं. आप्पासाहेबांनी परवानगीच्या कागदावर न वाचताच सही ठोकली. "करू दे अभ्यास. त्या निमित्तानं कुणी तरी दुकानात येईल."

लोकांनी दुकानात यावं म्हणून एक पत्रक काढायचं ठरलं. मॅडमनी ते स्वतः लिहिलं : 'गुलमंडीतील आपल्या सर्वांचे जुने कापड दुकान आम्ही दिवाळीपूर्वी वाढवत आहोत. एकदा अवश्य येऊन जा. आपल्या आठवणी व सुचना सांगा. – आप्पासाहेब आणि मंडळी.'

"काका, छापण्याआधी जरा मराठी तपासा. तुमची पक्की आहे."

बद्रीनाथांनी पत्रक तीनदा वाचलं. तिन्ही वेळा ते 'वाढवत आहोत'पाशी अडखळले. पेन उचललं. आणि ते लाल शून्य त्यांच्या डोळ्यांपुढं येऊन उभं राहिलं. एकदा याच शब्दानं सगळ्या वर्गात हसं झालं होतं. मॅडम दोन विषयांत एम. ए., आपण दहावी नापास. गुलमंडीबाहेर कदाचित शब्दाचा अर्थ बदललाही असेल, आपल्याला कोण कळवायला येणार? त्यांनी 'सुचना'तला सु दीर्घ केला आणि कागद परत दिला.

दोन हजार प्रती छापल्या. पोरांनी त्या बस स्टँडवर वाटल्या, भाजी मंडईत वाटल्या. सिल्लोडहून येणाऱ्या एका पोरानं एक गठ्ठा तिकडच्या आठवडी बाजारात नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या भांड्यांच्या दुकानातले पुंजाराम आले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि उसासा टाकला. "आप्पासाहेब, काय बोलावं तेच सुधरंना. पत्रक काढून सांगितलंत. लई मोठं काळीज तुमचं."

आप्पासाहेबांना थोडं कमी ऐकू यायचं. त्यांना वाटलं, जाहिरातीची तारीफ चालली आहे. ते खुशीत म्हणाले, "म्या कुठं काय केलं? पोरांनी केलं समदं."

"पोरांनी?" पुंजारामांचा चेहरा आणखी पडला. "सगळीकडं पोरंच असं करतेत, बाप्पा. आमचा बी थोरला मागं लागलाय."

"चांगलंय की! तुम्ही बी करून टाका!"

पुंजाराम चहा न घेताच उठले.

दुकानाच्या ओट्यावर शिलाई मशीन टाकून बसणारे चांदपाशा हे ऐकत होते. त्यांनी पाय थांबवला. "बद्रीभाई, वीस साल हो गये मेरेको इस ओटे पे. दुकान वाढवायचंय, तं एक लफ्ज मला सांगायचा ना. मशीन घेऊन मी कुठं जाऊ?"

"अरे चांदभाई, वाढवायचं म्हणजे मोठं करायचं!"

"कोन बोला?"

"कॉलेजात शिकवलंय."

चांदपाशांनी त्यांच्याकडं तापातल्या माणसाकडं बघावं तसं पाहिलं. "तुम घरको जाव, बद्रीभाई. सदमा बैठा तुमको. आराम करो."

दुपारी बाराच्या सुमाराला गर्दी सुरू झाली. कुणी लग्नाचा बस्ता इथंच बांधलेला, कुणी शाळेच्या पहिल्या चड्डीचं कापड इथूनच नेलेलं. जो येई तो आधी आप्पासाहेबांच्या पाया पडे, मग भरल्या आवाजात म्हणे, "शेवटची आठवण म्हणून काही तरी द्या." बारा वर्षं कुणी ढुंकून न पाहिलेलं मोहरी रंगाचं पँटपीस लोकांनी ओढाओढ करून नेलं.

सिल्लोडकडची दगडाबाई दोन सुना आणि एका नातवाला घेऊन आली. गादीवर बसली आणि आप्पासाहेबांचा हात धरून मोठ्यानं रडू लागली. "ह्याच दुकानाचं लुगडं नेसून म्या सासरी आले, आप्पा. पोरांचं, नातवांचं समदं इथंच घेतलं. आता मेल्यावर कापड आणायला कुठं पाठवू ह्यांना?"

आप्पासाहेबांनाही भडभडून आलं. का, ते त्यांना कळलं नाही, पण समोर इतकं कुणी रडत असताना कोरडं राहणं त्यांच्यानं झालं नाही. तेवढ्यात पुंजाराम झेंडूचा हार घेऊन परत आले आणि तो त्यांनी आप्पासाहेबांच्या गळ्यात घातला. चार जणांनी हात जोडले.

आप्पासाहेब बद्रीनाथांकडं वळून हळूच म्हणाले, "बद्री, म्या हाये ना रं अजून?"

आता मात्र बद्रीनाथांना राहवेना. ते स्टुलावर चढले. "मंडळी, जरा गैरसमज झालाय..." आवाज मुळातच बारीक, त्यात गर्दीसमोर बोलायची सवय नाही. तिसऱ्या शब्दाला आवाज चिरकला.

"काय म्हणू राह्यले?" मागच्यांनी विचारलं.

"रडू राह्यलेत बिचारे. चौतीस वर्षं काढली त्यांनी हितं."

कुणी तरी त्यांना हाताला धरून खाली उतरवलं आणि पाणी दिलं.

खरं तर दुसऱ्या दिवशीही सांगता आलं असतं. तिसऱ्याही. पण सकाळी शटर वर जायच्या आधी लोक ओट्यावर थांबलेले दिसायचे. कात्रीचा आवाज दिवसभर चालू असायचा. आप्पासाहेब दुपारची झोप विसरले होते. बद्रीनाथांनी मनाशी म्हटलं, इतकं गिऱ्हाईक पाहिल्यावर आप्पासाहेब ते अर्धं वाक्य कधीच पुरं करणार नाहीत. दिवाळी होऊ द्यावी, मग सांगू.

चौथ्या दिवशी सगीरा मॅडम पोरांना घेऊन पाहणीला आल्या. फळ्या रिकाम्या, ग्राहक दारापर्यंत. मॅडमचे डोळे चमकले. "काका, मुबारक हो! बघा रे सगळे नीट. याला म्हणतात दुकान वाढवणं!"

हे ऐकताच गादीजवळच्या एका म्हातारीनं तोंडाला पदर लावून हुंदका दिला. तिचं पाहून दुसरीनं दिला.

"त्या का रडतायत, काका?"

"मराठी माध्यमाच्या हायेत, मॅडम," बद्रीनाथ खालमानेनं म्हणाले.

त्या संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर आप्पासाहेबांनी त्यांना समोर बसवलं. त्यांच्या हातात पत्रक होतं. "दगडाबाईच्या नातवानं वाचून दाखवलं. आता सांग."

बद्रीनाथांनी सगळं सांगितलं. शून्याचंही सांगितलं, जे त्यांनी मुलीलाही सांगितलं नव्हतं. "माझी चूक झाली. पेन हातात होतं, पर धीर झाला नाय. उद्या म्या बाहेर पाटी लावतो. नवा माल मागवू. लोक येऊ राह्यलेत, आप्पासाहेब. दुकान चालतं हे दिसलं ना आता?"

आप्पासाहेबांनी रिकाम्या फळ्यांकडं पाहिलं. "पाटी काय लावशील? 'रडलात, ते वाया गेलं' अशी?"

"तसं नाय..."

"दगडाबाई तिकडून येष्टीनं आली रं. म्हातारीनं पायावर डोकं ठिवलं. पुंजारामानं हार घातला. परवा ह्याच लोकांला दुकान उघडं दिसलं, तं काय म्हणतील? आप्पानं जुना माल खपवायला नाटक केलं म्हणतील. ज्यानं-त्यानं एवढा चांगला निरोप दिला, बद्री. आता माघारी फिरणं बरं दिसत नाय."

सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात याला उत्तर नव्हतं. ग्राहकाची तक्रार कशी ऐकावी हे होतं, माल परत कसा घ्यावा हे होतं. निरोप परत कसा घ्यावा हे कुठल्याच पानावर नव्हतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आप्पासाहेबांचं म्हणणं बद्रीनाथांनाही पटलं.

दोघांनी चादर धरून झटकली. शटर बद्रीनाथांनीच हातानं धरून खाली आणलं. फार वेळ लागला. ओट्यावरची मशीन चांदपाशांनी सकाळीच पुंजारामांच्या ओट्यावर नेली होती.

महिन्याभरानं निकाल लागला. ग्राहकांच्या संख्येत सर्व गटांमध्ये बद्रीनाथांचा प्रकल्प पहिला आला. मॅडमनी त्यांचं नाव पुकारलं, पोरांनी बाकं वाजवली, प्रमाणपत्र मिळालं. त्या प्रमाणपत्रावर त्यांना जालना रोडवरच्या एका मोठ्या तयार कपड्यांच्या दुकानात नोकरीही लागली. तिथं जांभळा टी-शर्ट घालून उभं राहायचं होतं. गादी नव्हती, कात्री नव्हती. गिऱ्हाईक आपलं आपण मांडणीतून शर्ट काढून पाहायचं आणि विस्कटून जायचं. त्यांनी मागून घड्या घालायच्या. मॅनेजर सव्वीस वर्षांचा होता आणि त्यांना 'काका' म्हणायचा, एवढं बरं होतं.

एका मंगळवारी दुपारी दारातला रखवालदार कुणाला तरी सांगताना ऐकू आलं, "आजोबा, चप्पल घालून या आत, चालतं." बद्रीनाथांनी वळून पाहिलं. धोतर, काळा कोट, हातात चपला घेतलेले आप्पासाहेब काचेच्या दारात उभे होते.

ते आत आले आणि बसायला गादी शोधू लागले. बद्रीनाथांनी कपडे घालून बघायच्या खोलीतलं स्टूल आणून ठेवलं.

"कापड दाखव," आप्पासाहेब म्हणाले.

"इथं शिवलेलंच असतंय."

"मग ते दाखव."

आप्पासाहेबांनी जन्मात कधी दुसऱ्याच्या दुकानातून कापड विकत घेतलं नव्हतं. गिऱ्हाईक कसं वागतं हे मात्र त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. त्यांनी प्रत्येक शर्टाचं टोक दोन बोटांत चोळून पाहिलं, उजेडाकडं धरलं, नाक मुरडलं. तासाभरात तीस शर्ट उलगडले, एकही घेतला नाही. "बघतो, परत येतो," म्हणून गेले. गुरुवारी परत आले. मग पुढच्या मंगळवारी.

मॅनेजरनं बद्रीनाथांना बाजूला घेतलं. "काका, ते आजोबा काहीच घेत नाहीत. दरवेळी तुमचा तास जातो."

"पाहू राह्यलेत, सर. घेतील."

स्टुलावरून हाक आली, "अरे बद्री, ह्यात निळं हाये का?"

निळे सगळे गुरुवारीच दाखवून झाले होते. बद्रीनाथ आत गेले आणि होते नव्हते तेवढे निळे शर्ट छातीशी धरून घेऊन आले.