कामडी सरांचं उरलेलं संत्रं

कामडी सरांना पूर्ण संत्रं खाताना अख्ख्या कॉलेजात कोणी पाहिलं नव्हतं.

ते पहिल्या वर्षाला निबंध शिकवीत. वह्या घरी नेऊन तपासणं त्यांना मंजूर नव्हतं. मुलाने उभं राहून आपला निबंध वाचायचा आणि सरांनी रामाकोन्याच्या आपल्या बागेतलं संत्रं सोलायचं. वाचलेलं खरं वाटे तोवर एकेक फोड तोंडात जाई. पोकळ वाक्य आलं की हात थांबे. "संत्रं थांबलं, बाबू." उरलेल्या फोडी रुमालात आणि मार्क पन्नासाच्या आत. लोधीखेड्याला एका लग्नात पुढाऱ्याचं भाषण रंगलं असता सरांनी खिशात हात घातला, तेव्हा यजमानांनी हात जोडल्याचं सांगतात.

सर गेल्या महिन्यात वारले. त्यांच्याविषयी लिहिताना हात जपूनच चालतो.

माझा पहिला निबंध आईवर होता. 'वात्सल्याचा सागर' म्हणताच सरांनी पहिलीच फोड खाली ठेवली.

"सागर पाह्यला काय?"

"नाही, सर."

"माय तं पाह्यली ना? या घडीले काय करून राहिली असंल?"

"जवारी निवडून राहिली असंल."

"मंग ते लिही."

मी नव्याने लिहिलं. संत्रं शेवटच्या वाक्यापर्यंत चाललं. तिथे मी आईच्या हातांना देवीचे हात म्हटलं होतं. दोन फोडी रुमालात गेल्या.

मी बी.ए. झालो तोवर राज्यांची फेररचना होऊन आमचं सौंसर एका राज्यात आणि नागपूर दुसऱ्या, परक्या राज्यात गेलं होतं. मराठीत एम.ए. करायचं तर मला तिथेच जायचं होतं. नाहीतर सौंसरला वडिलांच्या कापडदुकानात बसणं ठरलेलं. नागपूरच्या विभागप्रमुखांनी निबंधाचे मार्क पाहिले, तुम्ही आता बाहेरचे, असंही सौम्यपणे सुनावलं आणि मला परत पाठवलं.

सर थक्क झाले. निबंध सगळीकडे ऐकूनच पारखतात, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन नागपूरला गेले, प्रमुखांसमोर बसले आणि खिशातून संत्रं काढलं.

"वाच."

माझ्याजवळ आईवरचा तोच निबंध होता. मी वाचत गेलो, सर खात गेले. देवीचे हात आले. सरांचा हात क्षणभर अडला. मग शेवटची फोडही त्यांनी तोंडात टाकली. टेबलावर नुसती सालं उरली.

"मार्क म्या कमी देल्ले," ते म्हणाले. "तुमी आता सोता ऐकलं."

प्रमुखांनी अर्ज पुढे ओढला आणि सही केली.

परतीच्या गाडीत सौंसर जवळ आल्यावर सर म्हणाले, "ते देवीचे हात मातर खोडून टाकजो."

मी मान डोलावली.

"अन् सुटीत येजो. काहीतरी लिहून आणजो. घरी कोनी वाचाले नाही, बाबू. मले एकट्याले संत्रं सरत नाही."